कलंदर : शब्दाचें कूळ, अर्थ आणि दुरुपयोग

गौरवग्रंथ, चरित्रें, मृत्युलेख आणि जुन्या कवनसंग्रहांच्या प्रस्तावना यांतून अलीकडे ‘कलंदर’ हें विशेषण फार सढळ हातानें वापरलें जात आहे. गवई बैठकीस वेळेवर आला नाहीं, चित्रकारानें चित्र अर्धें टाकिलें, शाहिरानें मिळालेला पैसा एका रात्रींत उधळला, कीं तो कलंदर ठरतो. शब्द कानाला गोड लागतो. लेखकाचा पुढील चौकशीचा त्रास वांचतो. आणि वाचकासहि कांहीं तरी थोर वाचल्याचें समाधान मिळतें. परंतु हा शब्द मुळांत कोणाचा, आणि तो कलावंताच्या अंगावर कसा चढला, हें क्वचितच कोणी विचारतो. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांना हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. शब्दाचा आजचा अर्थ कालच्या कागदावर लादला कीं कागद खोटें बोलूं लागतो. आणि कलावंताच्या बाबतींत तर या शब्दाच्या आड एक अन्याय लपतो, असें आमचें मत आहे. तेंच या लेखांत साधार मांडावयाचें आहे.

अर्थनिर्णयाची रीति कोणती असावी, याचा धडा आम्हांस दूर शोधावा लागत नाहीं. हा लेख आम्ही बीड तालुक्यांतील नारायणगड येथून लिहीत आहों. ‘धाकटी पंढरी’ म्हणून या भागांत मान्यता पावलेल्या या स्थानाच्या संतपुरुषाचें प्रसिद्ध नांव नगद नारायण. यांतील ‘नारायण’ शुद्ध संस्कृत. ‘नगद’ हें अरबी ‘नक्द’ या शब्दाचें आपलेंसें झालेलें रूप असून त्याचा अर्थ रोख. बाजारांत कोणी ‘नगदनारायण’ म्हटलें तर तो थट्टेनें रोख पैशाविषयीं बोलत असतो. गडाची पायरी चढणारा वारकरी तींच अक्षरें उच्चारतो तेव्हां त्याचे हात जोडलेले असतात. अक्षरें तींच, क्रम तोच. अर्थ मात्र बोलणारा कोण, तो कोठें उभा आहे आणि कोणाविषयीं बोलतो आहे, यावर ठरतो. बहामनी, निजामशाही, मोंगल आणि पुढें सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम, अशा राजवटी ज्या प्रांतानें पाहिल्या तेथें फारसी-अरबी शब्द पाहुणे राहिले नाहींत. ते घरचे झाले. घरच्या माणसाचें कूळ विचारण्याची पद्धत नसते, म्हणूनच तें विस्मृत होतें.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. संस्कृत शिकलेल्या कानाला ‘कलंदर’ ऐकतांच ‘कला’ ऐकूं येते, आणि ‘कला ज्याच्या अंदर आहे तो कलंदर’ असा विग्रह करण्याचा मोह होतो. कीर्तनाच्या पूर्वरंगांत अशी कोटि शोभेल; निरुक्तांत ती टिकत नाहीं. एक तर ‘अंदर’ हा शब्द फारसी. तो आपल्या ‘अन्तर्’ शब्दाचा दूरचा भाऊ असला तरी संस्कृत समासांत बसणारा नव्हे. दुसरें, समास मानलाच तरी सवर्णदीर्घ होऊन ‘कलांदर’ असें रूप व्हावयास पाहिजे. मधला दीर्घ स्वर गेला कोठें, याचें उत्तर द्यावें लागेल. तिसरें आणि निर्णायक कारण कालाचें : मराठींत कलावंताशीं या शब्दाची सोयरीक जुळण्यापूर्वीं शतकानुशतकें तो फारसी वाङ्मयांत नांदत होता, आणि तेथें त्याचा कलेशीं कांहीं संबंध नव्हता. केवळ ध्वनिसाम्यावरच जावयाचें, तर पालींत ‘कलंदक’ म्हणजे खार. राजगृहाच्या वेणुवनांतील ‘कलंदकनिवाप’ हें स्थान बौद्ध ग्रंथांत प्रसिद्धच आहे. तेव्हां आमचे कलंदर चित्रकार खारीचे वंशज म्हणावयाचे काय ?

फारसींत हा शब्द ‘क़ाफ’ या अक्षरानें लिहितात. हें अक्षर मूळ फारसी शब्दांत सहसा येत नाहीं. त्यावरून शब्दावर अरबी संस्कार झाला असावा, असा तर्क निघतो. फारसी कोशांपैकीं अत्यंत प्रसिद्ध असा ‘बुर्‍हाने काते’ हा कोश आपल्याच दक्षिणेंत, गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या आश्रयानें, इ. स. १६५२ च्या सुमारास रचला गेला. त्यांत साध्या ‘क’चा ‘कलंदर’ म्हणजे न तासलेला, ओबडधोबड लांकडाचा ओंडका, आणि त्यावरून असंस्कृत मनुष्य, असा अर्थ देऊन ‘क़लंदर’ हें त्याचें अरबी वळण म्हणून दाखविलें आहे. ‘कलांतर’ म्हणजे वडील, पुढारी, या फारसी शब्दाशींहि कांहीं पंडित याचा संबंध जोडतात. विद्वानांत एकमत नाहीं. तथापि कोशकारानें दिलेला ‘न तासलेला ओंडका’ हा अर्थ, व्युत्पत्ति म्हणून खरा असो वा नसो, शब्द वापरणाऱ्यांच्या मनांतील चित्र बरोबर सांगतो. समाजाच्या रंध्यानें ज्याला गुळगुळीत केलें नाहीं, तो कलंदर.

आतां हा मनुष्य कोण होता तें पाहूं. तेराव्या शतकाच्या आरंभीं दमास्कस येथें, व पुढें मिसर देशांतील दमिएत्ता येथें, जमालुद्दीन सावी या साधूभोंवतीं विरक्तांचा एक पंथ उभा राहिला. डोकें, दाढी, मिशा आणि भिंवया या चारींचें क्षौर ही त्यांची खूण. ज्या समाजांत दाढी ही प्रतिष्ठेची निशाणी होती तेथें भिंवयासुद्धां काढून टाकणें म्हणजे प्रतिष्ठेवर जाणूनबुजून पाणी सोडणें होय. घर नाहीं, धंदा नाहीं, संसार नाहीं, संग्रह नाहीं. लोकनिंदा हेंच भूषण. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा पंथ बांधला जाण्यापूर्वींच फारसी कवींनीं कलंदराला आपल्या काव्यांत घेतलें होतें. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत गझनीचा कवि सनाई यानें ‘कलंदरियात’ या नांवानें ओळखली जाणारी रचना केली. पुढें अत्तार, हाफिज आदि कवींनीं तोच मार्ग चोखाळला. या काव्यांतला कलंदर मशीद सोडून मद्यशाळेंत बसतो आणि ढोंगी धर्मशीलांपेक्षां आपणच ईश्वराच्या जवळ आहों असें सुचवितो. म्हणजे प्रत्यक्ष पंथांतला कलंदर आणि कवींच्या कल्पनेंतला कलंदर, अशीं दोन माणसें आरंभापासून शेजारीं शेजारीं चालत आलीं. आपल्याकडे पुढें जें झालें त्याचें बीज या जोडीत आहे.

हिंदुस्थानांत सिंधमधील सेहवान येथील लाल शाहबाज कलंदर (मृत्यु इ. स. १२७४) आणि पानिपत येथील बू अली शाह कलंदर (मृत्यु इ. स. १३२४) हीं नांवें सर्वश्रुत आहेत. दक्षिणेशीं संबंध जोडणारें नांव हमीद कलंदर याचें. दिल्लीचे नसीरुद्दीन चिराग यांचीं संभाषणें ‘खैरुल मजालिस’ या ग्रंथांत संकलित करणारा हा लेखक कांहीं काळ दौलताबादेस बुर्‍हानुद्दीन गरीब यांच्या सहवासांत होता. गरीब यांचें निधन इ. स. १३३७ मधील, आणि त्यांची समाधि खुलदाबाद येथें आहे. म्हणजे गोदावरीच्या या खोऱ्याला ‘कलंदर’ हें नांव सहाशें वर्षांहून अधिक काळ परकें नाहीं. परंतु दिल्ली-पानिपतप्रमाणें येथें तो रोजच्या डोळ्यांसमोरचा, गांवोगांव ओळखला जाणारा मनुष्य झाला नाहीं. फकीर आणि दरवेश यांच्या गर्दींत तो मागें पडला. एकनाथ महाराजांनीं (निधन इ. स. १५९९) ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला आणि फकिराच्या मुखीं भारुड घातलें, यावरून त्या काळच्या पैठणच्या रस्त्यावर कोण ठळकपणें दिसत होतें याची कल्पना येते.

येथें दोन शब्दांची तुलना उद्बोधक होईल. उत्तर हिंदुस्थानांत अस्वल-माकडांचे खेळ करून पोट भरणाऱ्या जमातीचें नांवच ‘कलंदर’ आहे. महाराष्ट्रांत तोच धंदा करणाऱ्यास ‘दरवेशी’ म्हणत. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा क्रमानें बंद पडला, पण शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडीं आहे. दोन्हीं शब्द मुळांत ईश्वराच्या दारीं उभ्या असलेल्या विरक्ताचे; दोन्हीं खेळ दाखविणाऱ्यापर्यंत उतरले. फरक इतकाच कीं, उत्तरेंत ती जागा कलंदरानें घेतली आणि आपल्याकडे दरवेशानें. त्यामुळें मराठींत ‘कलंदर’ शब्दाला अस्वलाची दोरी धरावी लागली नाहीं. तो मोकळा राहिला.

दुसरी तुलना ‘अवधूत’ शब्दाची. ‘अव’ उपसर्गपूर्वक ‘धू’ धातूपासून झालेला हा शब्द. ज्यानें सर्व बंधनें झटकून टाकिलीं तो अवधूत. अर्थाच्या दृष्टीनें कलंदराचा याहून जवळचा सोयरा सांपडणार नाहीं. मग मनस्वी गवयाला आपण ‘अवधूत’ कां म्हणत नाहीं ? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, अवधूत हा शब्द महाराष्ट्रांत रिकामा नाहीं. दत्तसंप्रदायाची उपासना अखंड चालू आहे. याच जिल्ह्यांत आंबेजोगाई येथें दत्तभक्त दासोपंतांनीं (इ. स. १५५१–१६१५) प्रचंड ग्रंथरचना केली, आणि त्यांची वस्त्रावर लिहिलेली ‘पासोडी’ हस्तलिखितप्रेमी वाचकांस सांगावयास नको. ज्या घरांत धनी नांदत आहे त्या घरांत दुसरा बिऱ्हाड करीत नाहीं. ‘कलंदर’ या घराचा धनी मराठी मुलखांतून केव्हांच निघून गेला होता. दार उघडें होतें. कलावंत आंत आला. ‘अवलिया’ शब्द मात्र दोहोंच्या मध्यें आहे. तो अरबींत ‘वली’ शब्दाचें अनेकवचन असून आपण एकवचनीं वापरतों. साधूलाहि लावतों, कलावंतालाहि. पण अवलिया म्हणतांना बोलणाऱ्याच्या मनांत सिद्धीविषयीं आदर असतो, आणि कलंदर म्हणतांना बेफिकिरीविषयीं कौतुक. हा भेद मराठी माणूस न शिकवितां पाळतो.

आंत येण्याची वाट कोणती, तें अनुमान म्हणून सांगतों. फारसींतला काव्यांतील कलंदर उर्दू काव्यांत आला, आणि उर्दू काव्य व हिंदुस्थानी संगीत हीं एकाच बैठकींत बसत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठमोठे खांसाहेब महाराष्ट्रांतील संस्थानांतून व नाटक मंडळ्यांच्या आश्रयानें राहूं लागले. अब्दुल करीमखां (निधन इ. स. १९३७) यांची समाधि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारांत असून त्यांच्या स्मरणार्थ तेथें गायनवादनाचा उत्सव होतो. दर्गा, गवई आणि मराठी श्रोता हे जेथें एकत्र आले तेथें शब्दानें हात बदलला, असें मानण्यास हरकत दिसत नाहीं. शिवाय मराठी कानांत ‘कला’ शब्द वाजत होताच. वर आम्ही जी व्युत्पत्ति त्याज्य ठरविली तिनें शब्दाला जन्म दिला नाहीं. पण त्याच्या दत्तकविधानास तिचें साहाय्य झालें असावें.

असाच प्रवास युरोपांत एका शब्दानें केला. भटक्या रोमा लोकांची एक टोळी इ. स. १४२७ मध्यें पॅरिसच्या वेशीशीं आली. अशा टोळ्यांजवळ सिगिस्मुंड राजाचीं अभयपत्रें असत, आणि बोहेमियाचें राज्य त्याच्याकडे होतें. फ्रेंच लोकांनीं त्यांना ‘बोहेमियन’ ठरविलें. वस्तुतः या लोकांची भाषा आपल्या आर्यभाषांच्या कुळांतली असून त्यांचे पूर्वज हिंदुस्थानांतून गेलेले, हें भाषाशास्त्रानें सिद्ध झालें आहे. नांवच चुकीचें ! पुढें आंरी म्युर्झे यानें पॅरिसमधील निर्धन कवि-चित्रकारांच्या जीवनावर लिहिलेल्या कथांचें पुस्तक इ. स. १८५१ मध्यें निघालें, त्यावर पुच्चिनीचें संगीतक इ. स. १८९६ मध्यें रंगभूमीवर आलें, आणि बोहेमियन म्हणजे रूढि न मानणारा कलावंत हा अर्थ जगभर पसरला. दोन्हीं ठिकाणीं स्थिर वस्तींतल्या माणसानें, आपल्या दारावरून जाणाऱ्या अस्थिर माणसाचें नांव घेऊन, तें आपल्यांतल्याच अस्थिर माणसाला दिलें. म्युर्झे स्वतः इ. स. १८६१ मध्यें, वयाच्या ३८ व्या वर्षीं, विपन्नावस्थेंत रुग्णालयांत वारला. शब्दाची मोहिनी त्याला वांचवूं शकली नाहीं.

येथेंच आमचा मुख्य आक्षेप येतो. पंथांतल्या कलंदराचें दारिद्र्य हें व्रत होतें. त्यानें तें मागून घेतलें होतें. कलावंताचें दारिद्र्य बहुधा व्रत नसतें. तो आश्रयाच्या अभावीं, बुडालेल्या बिदागीमुळें, आजारामुळें किंवा जातीनें टाकल्यामुळें दरिद्री असतो. त्याला कलंदर म्हटलें कीं त्याच्या नांवावर न घेतलेली दीक्षा चढते. मग त्याच्या पैशाचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. कारण फकिराला पैसा कशाला?

उदाहरणें पाहूं. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (इ. स. १८६६–१९४५), यांनीं ब्राह्मण घराचें कुलकर्णीपण सोडून पवळाबाईसह तमाशाचा फड उभा केला. त्यांस कलंदर म्हणणें सोपें आहे. पण फड म्हणजे नाचे, ढोलकीवाले, सोंगाडे यांचा रोजचा शिधा, बैलगाड्या, जत्रांच्या सुपाऱ्या, आणि रात्रीच्या रात्री नवीं कवनें. हें बेफिकिरीनें चालत नाहीं. त्यांचें उत्तरायुष्य पुण्यांत हलाखींत गेलें. तें त्यांच्या वृत्तीचें फळ होतें कीं त्यांच्या कवनांवर पोसलेल्या समाजाच्या कृतघ्नतेचें, हा प्रश्न ‘कलंदर’ या चार अक्षरांत बुडून जातो.

ग्वाल्हेरच्या हद्दूखांचे चिरंजीव रहिमतखां (निधन इ. स. १९२२) यांची विक्षिप्त वृत्ति सर्वांस ठाऊक. पण ते गात राहिले ते कोणामुळें ? हद्दूखांचे शिष्य आणि सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनीं गुरुपुत्राला विपन्न स्थितींतून आपल्याजवळ आणिलें आणि सांभाळलें. वाघ-घोड्यांच्या चाऱ्यापाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका व्यवहारी माणसानें ती कळकळ दाखविली, म्हणून तो स्वर टिकला. प्रत्येक कलंदराच्या मागें असा कोणी तरी हिशेब ठेवणारा असतो. नसेल तर तो कलंदर लौकर मरतो. चरित्रकारानें त्या हिशेबनिसाचें नांव शोधावें, विशेषणें शोधूं नयेत.

सोलापूरचे रामजोशी यांच्याविषयीं तर हा शब्द सरळ अपुरा पडतो. संस्कृतांत व्युत्पन्न, कीर्तनकार, आणि लावणीकार. एकाच कवनांत अनेक भाषा खेळविणारा हा पुरुष अठराव्या शतकाच्या अखेरीस तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला. त्याच्या काळानें त्याला शाहीर म्हटलें, आणि इ. स. १९४७ च्या प्रसिद्ध बोलपटानेंहि ‘लोकशाहीर’ हेंच पद कायम ठेविलें. ‘शाहीर’ म्हणजे अरबी ‘शाइर’; त्याच्या मुळाशीं जाणणें, उमगणें हा अर्थ आहे. हें धंद्याचें व विद्येचें नांव आहे. ‘कलंदर’ हें स्वभावाचें नांव आहे. विद्येचें नांव काढून स्वभावाचें नांव देणें हा गौरव नव्हे, पदावनति आहे.

यावर कोणी म्हणेल, योगापेक्षां रूढि बलवत्तर, हा तर शास्त्राचाच न्याय. लोकांनीं एकदां अर्थ ठरविला, आतां कूळ उकरून काय लाभ? न्याय आम्हांस मान्य आहे. आजच्या लेखनांत ‘कलंदर’ म्हणजे मनस्वी, बेफिकीर कलावंत, हा अर्थ रूढ आहे आणि तो कोणी पुसूं शकणार नाहीं. आमची तशी इच्छाहि नाहीं. परंतु रूढि कालानें बांधलेली असते. आजची रूढि आजच्या वाक्याला लागू. तीनशें वर्षांपूर्वींच्या सनदेला नव्हे. एखाद्या इनामपत्रांत वा मोईनजाबत्यांत ‘कलंदर’ आढळला, तर तो फकीर होय, तंबोरा घेतलेला गवई नव्हे. आणि त्याला दिलेली जमीन धर्मादाय होय, कलेचा राजाश्रय नव्हे. संपादकानें तेथें टीपेंत ‘कलावंत’ असें लिहिलें, तर एका टीपेनें दोन इतिहास बिघडतात : फकिराचा आणि कलावंताचा.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. आपल्या बाडांत, दफ्तरांत, कवनांच्या वह्यांत हा शब्द कोठेंहि दिसला तर पांच गोष्टी टिपून ठेवाव्या : कागदाचा शक वा सन, लिहिणारा कोण, शब्द कोणाला उद्देशून आहे, शेजारीं फकीर, दरवेश, मलंग, बैरागी यांपैकीं कोणते शब्द आहेत, आणि देणेंघेणें काय झालें आहे. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. मठांचीं, दर्ग्यांचीं व देशमुख-कुलकर्ण्यांचीं दफ्तरें मराठवाड्यांत अद्याप घरोघरीं बांधून ठेविलेलीं आहेत आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं. ज्या वर्षीं ‘कलंदर’ शब्दापुढें भिक्षेऐवजीं बिदागीचा आंकडा प्रथम दिसेल, त्या वर्षीं हा शब्द फकिराकडून कलावंताकडे आला, असें निश्चयानें म्हणतां येईल. आणि बिदागीचा आंकडा जेथें असेल तेथें ती पोंचली कीं नाहीं, हेंहि पाहावें.